सरदारची लोकर

दुधावरची साय, दुसऱ्याच्या हातचा ओला साबण, बसमधल्या दांड्याचा कोमटपणा, थुंकी लावून उलटलेलं पुस्तकाचं पान आणि बेसिनच्या जाळीत अडकलेला केस. लोकरमावशींना या सगळ्याची किळस येई; कशाची येत नाही हे मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, आणि तीही त्या दर तासाला घासून धूत.

अशा बाईने उभा जन्म लोकरीचं दुकान चालवावं, याची गल्लीत सगळ्यांना गंमत वाटे. लोकर म्हणजे अखेर मेंढीचे केस. पण हे मावशींच्या तोंडावर बोललेलं चालत नसे. त्यांच्या दुकानात लोकर यायची ती गिरणीतून, धुऊन, रंगवून, कागदी पट्टा बांधून. पट्ट्यावर नंबर असायचा. नंबर पडलेल्या वस्तूला आईबाप नसतात अशी मावशींची समजूत होती, आणि ती वर्षानुवर्षं टिकली, कारण मेंढी काही दुकानात येऊन खुलासा करत नाही.

किळशीचं मूळ शोधायला फार खोल जायला नको. मावशी सहा भावंडांतल्या पाचव्या. आंघोळीनंतर अंग पुसायला घरात एकच टॉवेल, आणि तो वयाच्या क्रमाने फिरायचा. चार अंगं पुसून झालेला, थंड, जड, कुणाचा तरी केस चिकटलेला टॉवेल रोज सकाळी त्यांच्या हातात यायचा. सहाव्या भावाला या गोष्टीचं काही वाटलं नाही, तो पुढे हॉटेलात आचारी झाला. मावशींना मात्र वाटलं, आणि ते पुरून उरलं. पहिला पगार मिळाला त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी टॉवेल घेतला आणि तो उशाखाली ठेवून झोपल्या.

तो पगार स्वेटरच्या कारखान्यातला होता. तिथे आधी त्या मशिनवर बसल्या, मग माल निवडायला लागल्या, आणि तिथेच त्यांच्या ओठाचा शोध लागला. लोकरीची खरी पारख बोटांना नसते, बोटं कामाने राठ होतात. ती असते वरच्या ओठाला आणि नाकाखालच्या त्या खोलगट जागेला. लडी तिथे टेकवायची, डोळे मिटायचे, एकदा हलकेच फिरवायची. टोचते का, गरम लागते का, किती भेसळ आहे, सगळं कळतं. मावशींच्या ओठाला तर यंदाची मेंढी गेल्या साली उपाशी होती का तेही कळतं, असं कारखान्यात म्हणत. पुढे स्वतःचं दुकान झालं तरी हाच रिवाज राहिला. ओठाने हो म्हटल्याशिवाय एक गुंडा फळीवर चढला नाही. दुसऱ्याने प्यायलेल्या कपाकडे न बघणारी बाई न धुतलेल्या नमुन्याला ओठ कशी लावते, असं एकदा त्यांच्या नवऱ्याने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘ते काम आहे.’’ विषय संपला.

नवरा पाणीखात्यात मीटर वाचणारा होता. निवृत्त झाला तरी गल्लीत त्याला मीटरवालेच म्हणत. दुसऱ्यांच्या घरांच्या ओलसर कोपऱ्यांत आयुष्य काढल्यामुळे त्याला कशाचंच काही वाटत नसे. दोघांचा संसार बरा चालला, याचं हेही एक कारण असावं. नाली तुंबली की तो, पाल मेली की तो, लेकीने गाडीत उलटी केली की तो.

लेक एकुलती. लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मग दर रविवारी फोन, आणि फोनवर दोघी हवेबद्दल बोलायच्या. तिकडे थंडी आहे का, इकडे पण आहे. असं आठ वर्षं चाललं. मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी ती एक बॅग आणि एक जाळीची टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आई, मी आले. परत नाही जायचं.’’ टोपलीत बोका होता. राखाडी, लांब केसांचा, मानेभोवती आयाळ असलेला, आणि चेहऱ्यावर सगळ्यांकडून येणं असल्याचा भाव. त्याचं नाव सरदार.

लेक परत आली याचा मावशींना झालेला आनंद त्यांनी कुणाला कळू दिला नाही. पण माळ्यावरच्या खोलीत पावलं वाजायला लागली की त्या खाली रेडिओ बंद करून ऐकत बसायच्या. लेकीला चष्म्याच्या दुकानात काच बसवायचं काम मिळालं. संध्याकाळी ती यायच्या वेळेला मावशी दुकानाच्या काचेच्या दाराकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि ती दिसली की पाठ फिरवून गुंडे मोजायला लागायच्या. ती इथेच राहावी, पुन्हा कुठे जाऊ नये, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती, आणि ती बोलून दाखवायची त्यांना पद्धत माहीत नव्हती.

हिवाळाभर ठीक चाललं. सरदार माळ्यावर, मावशी खाली, मध्ये जिना. तह झाल्यासारखं होतं. मग दिवस मोठे झाले, खिडक्या उघडल्या, झाडांना पालवी फुटली आणि सरदारने केस टाकायला सुरुवात केली.

मांजर केस गाळतं हे मावशींनी ऐकलं होतं. किती गाळतं हे ऐकलं नव्हतं. आधी जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला राखाडी रेघ दिसली. मग सोफ्याच्या पाठीला धुकं आलं. मग सकाळच्या उन्हात घरभर तरंगणारे केस दिसायला लागले, आणि एकदा दिसले की श्वास घेणं ही जोखीम झाली. त्यांना चहात केस सापडला. टूथब्रशवर सापडला. चष्म्याच्या काचेवर आतून सापडला, म्हणजे तो पापणीवरून गेला असणार, या विचाराने त्या अर्धा तास डोळे धूत राहिल्या. मोरीच्या कोपऱ्यात केसांचे झुबके जमून वाऱ्याने असे हलत की जणू सरदारने पिल्लं घातली आहेत आणि त्यांना डोळे फुटायचे बाकी आहेत. आणि एका पहाटे जिन्याखाली ते पडलेलं होतं: करंगळीएवढं, ओलं, लांबट, पिवळसर पाण्यात निथळणारं, नीट वळलेलं. गुंडाच म्हणा. मावशींना क्षणभर वाटलं, एखादा नमुना खाली पडला. त्या उचलायला वाकल्या सुद्धा.

‘‘अहोऽऽ!’’

मीटरवाले कागद घेऊन आले. ‘‘अगं, एवढंच ना. अंग चाटतं, केस पोटात जातात, मग बाहेर काढतं. स्वच्छ प्राणी आहे.’’

‘‘स्वच्छ?’’ मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ‘‘स्वतःचे केस खाऊन ओकतो त्याला तुम्ही स्वच्छ म्हणता?’’

‘‘मग काय, तुझे खाऊन ओकायला हवे होते?’’

त्या दिवशी मावशींनी जेवणावरून हात धुतले.

दुकानात तर धोका वेगळाच होता. पांढऱ्या लोकरीवर राखाडी केस म्हणजे परतीचा माल. शिवाय न धुतलेल्या केसांबरोबर कसर येते, आणि कसर एकदा फळीत शिरली की लोकरीच्या दुकानाची चाळण होते. मावशींनी प्रत्येक फळीत कापूर वाढवला. दुकानात शिरणाऱ्याला आधी शिंक यायची, मग लोकर दिसायची.

त्याच सुमाराला मफलरवाल्या काकू आल्या. वर्षाला एक मफलर विणणाऱ्या आणि त्यासाठी बारा महिने चौकशी करणाऱ्या या बाईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून गल्ल्यावर ठेवली. पिशवी केसांनी तट्ट फुगलेली होती.

‘‘आमच्या मोत्याचे,’’ काकू लाडाने म्हणाल्या. ‘‘दोन महिने साठवतेय. याचं सूत निघेल का हो मावशी? मोत्याच्याच केसांची टोपी घालून मोत्याला फिरवायला न्यायचं असं ह्यांच्या मनात आहे.’’

मावशींनी पट्टीच्या टोकाने पिशवी गल्ल्याच्या कडेपर्यंत ढकलली. ‘‘निघेल.’’

‘‘खरंच?’’

‘‘कशाचंही निघतं. लव लांब हवी, तिला थोडी पकड हवी, नसेल तर मेंढीची लोकर मिसळायची. पण एक सांगा, मोत्या पावसात भिजला की वास येतो?’’

‘‘येतो की. आम्ही त्याला बाल्कनीत बांधतो.’’

‘‘मग पावसात यजमानांना पण बांधावं लागेल.’’

काकू पिशवी घेऊन गेल्या. आतल्या दारात उभी राहून लेकीने हे सगळं ऐकलं होतं. रात्री ताटावर बसल्यावर तिने विचारलं, ‘‘आई, मग मांजराच्या केसांचं?’’

‘‘जेवताना?’’

‘‘सूत निघतं का एवढंच विचारतेय गं.’’

मावशींनी पाण्याचा घोट घेतला. कामाचं काही विचारलं की उत्तर द्यायचं, ही सवय किळशीपेक्षा पक्की होती. ‘‘मांजराची आतली लव मेंढीपेक्षा बारीक असते. पण आखूड आणि निसरडी. एकटीचा धागा धरत नाही, सुटून येतो. वरचे राठ केस वेगळे काढायचे. कोमट पाण्यात न चोळता धुवायचे, चोळलं की गोळा. मग मेंढीची बारीक लोकर घालून पेळू करायचा आणि हलक्या टकळीवर कातायचा. निघतं. आणि निघालं तरी ते मांजरच असतं.’’ असं म्हणून त्या उठल्या आणि ताट सरदारला दिसणार नाही अशा बेताने सिंकमध्ये ठेवलं.

पण मासा गळाला लागला होता. लेकीला लहानपणी मावशींनीच टकळीवर बसवलं होतं आणि तिचा हात चांगला होता. रोज कामावरून आल्यावर ती जिन्यावरचे, सोफ्यावरचे, गादीवरचे केस गोळा करून माळ्यावर न्यायला लागली. मावशींना वाटलं, पोरगी साफसफाई करतेय, सुधारली. माळ्यावरून टकळी जमिनीला टेकल्याचा टक टक आवाज यायचा, त्यालाही त्या सरदारचाच काही उद्योग समजल्या. मीटरवाल्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी दुकानातले पिंजायचे ब्रश वर पोचवले होते आणि तोंडाला कुलूप घातलं होतं, म्हणजे ते नेहमीपेक्षा जास्त शिट्टी वाजवत होते.

लेकीचा बेत साधा होता. लडी पुरी झाली की रविवारी आईपुढे ठेवायची आणि म्हणायचं, बघ, तुला ज्याचा त्रास होतो त्याचं मी हे केलं. हवं तर मी सगळे केस रोज असेच उचलत जाईन. तू फक्त आम्हाला दोघांना राहू दे. बाबांना तिने हे सांगितलं. बाबा म्हणाले, उत्तम. पण त्यांच्या डोक्यात त्याहून उत्तम काही शिजत होतं.

लोकरीच्या धंद्यात पुढच्या थंडीचा माल वसंतातच निवडायचा असतो. गिरणीचा फिरता माणूस नमुन्यांची पेटी ठेवून जातो. पेटीतल्या लड्यांवर पट्टे नसतात, नुसत्या चिठ्ठ्या, आणि त्याही मावशी बघत नसत. गल्ल्यामागे खुर्चीवर बसायचं, डोळे मिटायचे, नवऱ्याने एकेक लडी हातात द्यायची, त्यांनी ओठाला लावून नंबर सांगायचा, त्याने लिहून घ्यायचा; एक म्हणजे सगळ्यात उत्तम, आणि त्यावर फुली म्हणजे मिळेल तेवढा माल घ्यायचा. इतक्या वर्षांत या कामात एक शब्द फुकट गेला नव्हता. मीटरवाल्यांनी विचार केला: ओठ पास करतील, मग तोंड कसं नापास करेल? शनिवारी सकाळी त्यांनी माळ्यावरची लडी हळूच उचलली आणि पेटीत, खालून तिसरी, ठेवली. सासरच्या माणसांना सुनेचा स्वभाव कळत नाही म्हणतात. कधीकधी नवऱ्यालाही कळत नाही.

‘‘हं,’’ मावशी डोळे मिटून म्हणाल्या. पहिली लडी. ‘‘टोचते. तीन. पुढे.’’

दुसरी. ‘‘धुताना साबण राहिलाय. सांगा त्याला. दोन.’’

तिसरी, चौथी, पाचवी. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला वाटतं आपल्याला कुणी बघत नाही. इथे डोळे मिटलेली बाई होती, आणि बघणारा नवरा ओठ चावत होता. त्याने ती लडी दिली.

मावशींनी ती ओठाला टेकवली. फिरवली. थांबल्या. पुन्हा फिरवली, या वेळी डावीकडून उजवीकडे. मग गळ्याला लावली. मग त्यांनी ती दोन्ही हातांत धरून तोंड तिच्यात खुपसलं आणि खोल श्वास घेतला.

‘‘ही कुठली हो?’’

‘‘का?’’

‘‘हलकी आहे. केवढी गरम आहे! मेंढी मिसळलीय, पण दुसरं काहीतरी आहे हे. जरा निसटतंय. पीळ किंचित जास्त झालाय, हातचं काम दिसतं. पण माल...’’ त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं जे नवऱ्याने लग्नाच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं. ‘‘एक लिहा. एकवर फुली करा. भाव काय सांगितलाय?’’

‘‘फुकट.’’

‘‘फुकट? गिरणी बुडाली का?’’

‘‘बुडाली कुठली,’’ मीटरवाल्यांना आता राहवेना, ‘‘गिरणी वर खुर्चीवर झोपलीय.’’

मावशींनी डोळे उघडले. हातातल्या लडीकडे बघितलं. ती राखाडी होती. असलंच राखाडी त्यांनी सकाळी जिन्यावरून झाडलं होतं.

नंतर जे झालं ते थोडक्यात सांगणंच बरं. बेसिनचा नळ धो धो वाहिला. मिठाच्या गुळण्या झाल्या. ओठावर आधी साबण, मग लिंबू, मग पुन्हा साबण. नाकात पाणी गेलं. श्वास घेतला होता, तो परत काढता येत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांना भडभडून उलटी झाली. मीटरवाले टॉवेल घेऊन उभे होते. तो टॉवेल कुणाचा आहे हे मावशींनी आधी विचारलं.

‘‘केसाने गळा कापलात माझा!’’ मावशी ओरडत होत्या. ‘‘घाण ती घाण! धुतली, पिंजली, पीळ दिला म्हणून काय माणसांत येते? जिथली घाण तिथे परत गेली पाहिजे! माझ्या घरात नको!’’

लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. कामावर निघाली होती, हातात डबा होता. तिने आईकडे बघितलं, गल्ल्यावर पडलेल्या लडीकडे बघितलं. लडी उचलली, पिशवीत टाकली आणि निघून गेली. दार तिने हळू लावलं, नेहमीपेक्षा हळू.

‘‘तिने ऐकलं,’’ मीटरवाले म्हणाले.

‘‘मी मांजराबद्दल बोलत होते.’’

‘‘जिथली तिथे परत गेली पाहिजे, असं म्हणालीस तू.’’

‘‘मांजराबद्दल!’’

‘‘मला कशाला सांगतेस?’’

पण जिला सांगायचं तिला मावशींनी सांगितलं नाही. आधी ओठ सुजला होता म्हणून, मग राग होता म्हणून, मग वेळ निघून गेली म्हणून. त्या आठवड्यात जिन्यावर एक केस दिसला नाही, कारण लेकीने सरदारला खोलीतच कोंडून ठेवलं होतं. मावशींना हवं होतं तेच झालं, आणि घर एखाद्या दवाखान्यासारखं स्वच्छ आणि परकं वाटायला लागलं. शुक्रवारी लेक ताटावर बसताना म्हणाली, ‘‘बाबा, मला चष्म्याच्या दुकानाजवळ खोली मिळालीय. रविवारी सामान नेते. मालकीणबाईंकडे तीन मांजरं आहेत, त्यामुळे सरदारचं काही नाही.’’ हे सगळं ती बाबांना सांगत होती. मावशी मीठ वाढत राहिल्या.

रविवारी दुपारी मीटरवाले खाली सुतळी शोधत होते. शोधत म्हणजे, ती खिशात घालून फिरत होते. ‘‘जरा वर जाऊन बघ की,’’ ते बायकोला म्हणाले.

‘‘मी काय बघू?’’

‘‘तुझी पोरगी चाललीय.’’

‘‘मला दिसत नाही का?’’

‘‘खालून कसं दिसणार?’’

मावशी जिना चढल्या. बोका आल्यापासून त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. दार ढकललं. आठवडाभर कोंडलेल्या बोक्याची खोली ती. पडद्याला केस, उशीला केस, दिव्याच्या शेडवर केस. हवेला एक कोमट, मासळट वास. भिंतीशी बांधून तयार खोकी, आणि सगळ्यात वरच्या खोक्यावर, राजासारखा, सरदार. मागचा पाय आभाळाकडे करून तो स्वतःला अशा जागी चाटत होता की मावशींनी नजर छताकडे वळवली. छतालाही केस होते.

‘‘काय हवंय आई?’’ लेक जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या करत होती.

‘‘सामान बघायला आले.’’

‘‘हे एवढंच.’’

‘‘मी ते मांजराबद्दल बोलले होते.’’

‘‘माहितीय.’’

‘‘मग?’’

लेकीने घडी ठेवली. ‘‘आई, तिसरीत माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या, आठवतं?’’

मावशींचे खांदे आपोआप वर गेले.

‘‘बघ, आत्ताही. वर्गात दहाबारा जणींना झाल्या होत्या. त्यांच्या आया त्यांना उन्हात मांडीशी घेऊन बसायच्या, फणी फिरवायच्या. तू मला बाबांबरोबर न्हाव्याकडे पाठवलंस. पार गोटा. मुलं डोक्यावर टपल्या मारायची.’’

‘‘लवकर संपावं म्हणून केलं.’’

‘‘तुझी किळस लवकर संपावी म्हणून.’’

याला बरीच उत्तरं होती. दुकान नवीन होतं. उवा लोकरीत गेल्या असत्या. केस लगेच वाढले की. मावशींनी ती सगळी उत्तरं मनात ओठाला लावून बघितली आणि एकेक बाजूला ठेवलं.

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या.

‘‘आणि मी परत आले त्या दिवशी तू आधी माझी बॅग पुसलीस. फडक्याने, चारी बाजूंनी. मी दारात उभी. मग म्हणालीस, ये.’’

‘‘रस्त्यावर टेकवली होतीस तू ती.’’

‘‘हो ना. रस्त्यावरच होते मी.’’ लेक पुन्हा घडी करायला लागली. ‘‘तुझी चूक नाही आई. तुला नाही होत. मीच जरा मोकळ्या घरात राहते. रविवारी फोन करेन.’’

रविवारी फोन. इकडे थंडी आहे का, तिकडे पण आहे. मावशी खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. टेकायला जागा नव्हती. जिथे टेकाव्या तिथे केस होते. उघड्या खोक्यात ती राखाडी लडी वरच पडलेली दिसली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली, खिडकीकडे धरली, आणि बघता बघता तिसरं बोट आलं, मग चौथं.

‘‘पीळ जास्त झालाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘बाबा म्हणाले, तू ते तेव्हाही म्हणालीस.’’

‘‘एक नंबर दिला होता हे सांगितलं का?’’

लेकीचा हात थांबला. ‘‘नाही.’’

‘‘फुली करायला सांगितली होती.’’ हे वाक्य त्यांनी दाढ काढून घ्यावी तसं काढलं. ‘‘पण मध्येच टोचतं काहीतरी. हे बघ, राठ केस राहिलेत. आणि हे काय आहे? हा कण? केस गोळा कुठून केलेस तू?’’

‘‘जिन्यावरून. सोफ्याखालून. गादीवरून.’’

‘‘सोफ्याखालून?’’ मावशींचा हात नकळत ओठाकडे गेला. म्हणजे नुसतं मांजर नव्हतं. सोफ्याखालची धूळ होती, मीटरवाल्यांच्या मोज्यांचं सूत होतं, आणि देव जाणे काय. पोटातून एक उमासा वर आला. तो त्यांनी गिळला, कारण त्यामागून त्याहून मोठं काहीतरी वर येत होतं. ‘‘अगं, हे काय काम आहे? पडलेला केस कुणी घेतं का? मेलेला असतो तो, त्याला मळ लागलेला असतो. कापलेलाही घ्यायचा नाही, त्याची टोकं टोचतात. सुटायला आलेली लव अंगावरूनच विंचरून घ्यायची, जिवंत, कोरडी, सरळ. एवढं शिकवलं नाही का मी तुला?’’

‘‘तू मला मेंढीचं शिकवलंस.’’

‘‘केस तो केस. फणी कुठाय?’’

‘‘कुणाची?’’

‘‘याची,’’ मावशी म्हणाल्या, आणि नाव घ्यायची पहिलीच वेळ असल्यामुळे जरा अडखळल्या, ‘‘सरदारची.’’

‘‘बांधली ना. खोक्यात असेल.’’

‘‘काढ.’’

लेकीने आईकडे बघितलं आणि पहिल्या खोक्याची सुतळी सोडली. त्यात कपडे होते. ते बाहेर आले. दुसऱ्यात भांडी, तिसऱ्यात पुस्तकं. एका खोक्यात ब्रश सापडला, पण मावशींनी नापास केला. ‘‘याने नुसते वरचे केस निघतात. बारीक दातांची हवी.’’ बारीक दातांची फणी शेवटच्या खोक्याच्या तळाशी निघाली, आणि तोवर खोलीत घर पसरलं होतं.

मावशी जमिनीवर बसल्या. केसांवर. लेकीने सरदारला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि त्या अशा ताठ झाल्या जणू मांडीवर कुणी गरम इस्त्री ठेवली. तो जड होता. ऊबदार होता, टॉवेल कधीच नव्हता इतका. आत काहीतरी घरघरत होतं.

मीटरवाले दारात आले. ‘‘अगं, हातमोजे देऊ?’’

‘‘मोज्याला लव चिकटते,’’ मावशी दात आवळून म्हणाल्या. ‘‘दिसत नाही का काम चाललंय? जा तुम्ही.’’

त्यांनी डाव्या हाताने कातडी ताणून धरली. ती केसांखाली सैल सरकली, आणि त्यांच्या मानेपासून टाचेपर्यंत काटा आला. फणी मानेपासून शेपटीकडे, हळू, दात जेमतेम बुडतील इतकी. फणीत राखाडी धुकं अडकलं. ते चिमटीने सोडवायचं, राठ केस एका बाजूला, लव एका बाजूला. तोंड वाकडं, श्वास रोखलेला, नाक मुरडलेलं, पण हात मात्र चुकत नव्हता. त्यांना हे सगळं घाणेरडं वाटत होतं आणि अर्धवट टाकणं त्याहून घाणेरडं वाटलं असतं. लेक समोर उकिडवी बसून बघत होती, आणि तिचे ओठ हसू दाबायला जरा फार आवळले गेले होते.

‘‘हसतेस कशाला?’’

‘‘तुझं तोंड बघ एकदा आरशात.’’

‘‘हात लाव इकडे. धर त्याचे पाय. हं. एवढी लव निघते बघ एका खेपेला.’’ त्यांनी चिमूटभर गोळा तिच्या तळहातावर ठेवला. ‘‘एका वसंतात जेमतेम मूठभर चांगला माल. मेंढी मिसळली तरी मफलरला चार वसंत लागतील.’’

लेकीने तळहातावरची लव मुठीत मिटून घेतली.

‘‘चार?’’ तिने विचारलं.

‘‘याने सहकार्य केलं तर. नाहीतर पाच.’’

‘‘आणि मी दुसरीकडे राहिले तर?’’

‘‘मग कोण धरणार याचे पाय?’’ मावशींनी फणी थांबवली. त्यांचा आवाज एरवीसारखाच करकरीत होता, फक्त त्या लेकीकडे बघत नव्हत्या. ‘‘तुला वाटतं का, तू राहावीस असं मला वाटत नसतं तर मी ह्याला हात लावला असता? ह्याला?’’

सरदारने मान वळवली आणि त्यांच्या मनगटावरून जीभ फिरवली. ओल्या पॉलिशपेपरसारखी. मावशींनी किंचाळून हात मागे घेतला आणि जवळ जे होतं त्याला, म्हणजे लेकीच्या बाहीला, खसाखस पुसला. लेकीने बाही पुढे केली.

‘‘मालकीणबाईंना फोन करायला हवा,’’ ती म्हणाली. ‘‘त्या वाट बघत असतील.’’

‘‘कर. आणि हा पसारा आधी आवर, मला बघवत नाही.’’

‘‘कशात भरू? खोक्यांत की कपाटात?’’

‘‘कपाटात,’’ मावशी म्हणाल्या, आणि जिभेवर आलेला केस काढायला तोंडाला हात लावून जिन्याकडे धावल्या.